मध्ययुगीन राजाचा हक्क खरा की शिवलेला, हे कसं ओळखायचं: वंशावळ नंतर, आधी तारखा

चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या युरोपबद्दल वाचायला घेतलं ना की साधारण तिसऱ्या प्रकरणात गाडी अडते, कारण तिथे वंशावळ येते, आणि त्या वंशावळीत सगळे हेन्री नाहीतर एडवर्ड नाहीतर शार्ल, बहिणी परदेशात दिलेल्या, चुलते-पुतणे एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि आपण बोट ठेवून ठेवून शोधतोय की यातला नेमका हक्काचा राजा कोण. मी पण हेच केलं. मोठ्या कागदावर इंग्लंडची अख्खी वंशावळ काढली, वेगवेगळ्या रंगाच्या पेनांनी, दोन रविवार गेले त्यात, आणि शेवटी कळलं काय, तर १३९९ साली थोरल्या शाखेकडून ज्याचा नंबर लागत होता तो एडमंड मॉर्टिमर नावाचा सात वर्षांचा पोरगा होता आणि त्याला कोणी विचारलंसुद्धा नाही.

तेव्हापासून मी उलटं करतो. वंशावळ सगळ्यात शेवटी बघायची. कारण या काळात जिथे जिथे भांडण झालंय तिथे माणूस आधी गादीवर बसलाय आणि हक्क मागाहून शिवलाय, त्यामुळे आपण कापड बघत बसण्यापेक्षा टाके बघायचे. आता कोणी म्हणेल मग सरळ ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणा ना, संपला विषय. नाही संपत. नुसत्या तलवारीवर भागलं असतं तर या लोकांनी एवढं तेल, सोनं, वकील आणि बिशप कशाला खर्ची घातले असते? तेच तर शोधायचंय.

पहिलं काम, तारखा. वहीत चार रकाने आखा: ताबा कधी मिळाला, राजा म्हणून पुकारा कधी झाला, अभिषेक कधी, आणि पार्लमेंट किंवा जी काही सभा असेल तिचा शिक्का कधी. शांतपणे वारसा मिळालेल्या राजाचे रकाने कंटाळवाणे असतात, बाप गेला, मुलगा राजा, पुढच्या सवडीने अभिषेक. गडबड असली की रकाने बोलायला लागतात. हेन्री सातव्याचं घ्या. २२ ऑगस्ट १४८५ ला बॉसवर्थची लढाई, रिचर्ड तिसरा तिथेच मारला गेला. ३० ऑक्टोबरला अभिषेक, ७ नोव्हेंबरला पार्लमेंट भरलं, आणि यॉर्क घराण्याच्या एलिझाबेथशी, म्हणजे आधीचा राजा एडवर्ड चौथा याच्या मुलीशी, लग्न थेट १८ जानेवारी १४८६ ला. हा क्रम नीट बघा. लग्न सगळ्यात शेवटी, म्हणजे बायकोच्या जोरावर राजा झाला असं कोणाला म्हणता येऊ नये. पार्लमेंटने जो कायदा केला त्यात एवढंच की मुकुट हेन्रीकडे आणि त्याच्या वंशाकडे राहील, का राहील ते लिहिलेलंच नाही! आणि खरी गंमत पुढे आहे, हेन्रीने आपली कारकीर्द मोजली २१ ऑगस्टपासून, लढाईच्या आदल्या दिवसापासून. त्यामुळे झालं काय, की दुसऱ्या दिवशी जे रिचर्डच्या बाजूने, म्हणजे अभिषेक झालेल्या राजाच्या बाजूने लढले तेच कागदोपत्री राजद्रोही ठरले आणि त्यांच्या जमिनी जप्त करता आल्या. असा एक दिवस मागे सरकवलेला दिसला की तिथे लाल खूण करायची.

दुसरं काम, कारणं मोजा. हा माझा आवडता भाग. राजा स्वतःच्या हक्काची किती कारणं देतोय? एक असेल तर बहुतेक हक्क ठीकठाक असतो, तीन-चार असतील तर समजा एकाही कारणावर त्याचा स्वतःचा भरवसा नाहीये. हेन्री पाचव्याला १४१३ मध्ये काहीच सांगावं लागलं नाही, तो फक्त मुलगा होता. पण त्याच्या बापाचं, हेन्री चौथ्याचं बघा. ३० सप्टेंबर १३९९ ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये आधी रिचर्ड दुसऱ्याचा राजीनामा वाचला गेला, मग त्याच्यावरचे ३३ आरोप, आणि मग हा उठून इंग्रजीतून बोलला, त्यात एकाच दमात सगळं आलं: मी हेन्री तिसऱ्याच्या रक्ताचा, देवाने नातलग आणि मित्रांच्या मदतीने मला पाठवलं, आणि कारभार बिघडून राज्य बुडायच्या बेतात होतं. वर रिचर्डची मुद्रेची अंगठी काढून दाखवली. रक्त, देव, मित्र, गैरकारभार, अंगठी. पाच झाली.

यात एक शब्द मात्र नाही, जिंकलं हा. सैन्य घेऊन उतरला, राजाला टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यात, कैदेत ठेवला, मग सरळ जिंकलं म्हणायला काय हरकत होती? तर सरन्यायाधीश थर्निंग यांनी अडवलं त्याला. राज्य जिंकून घेतलं म्हणालास तर देशातल्या प्रत्येकाची जमीन जिंकलेली ठरते, कोणाचाच मालकी हक्क शिल्लक राहत नाही. हेन्रीने मग भर सभेत जाहीर केलं की जिंकण्याच्या नावाखाली कोणाचाही वारसा मी काढून घेणार नाही. हे समजलं की हा सगळा खटाटोप कशासाठी ते कळतं. सरदारांना राजा कायदेशीर हवा होता कारण त्यांच्या स्वतःच्या जमिनी त्याच कायद्याच्या दोरीला बांधलेल्या, ती एका टोकाला कापली की दुसऱ्या टोकाला त्यांचाच बंगला खाली येणार. रिचर्डने हेच केलं होतं ना, हेन्रीचा बाप वारल्यावर त्याचा वारसा जप्त केला, आणि मग प्रत्येक जमीनदाराला वाटलं उद्या माझा नंबर.

कारणं मोजायची प्रॅक्टिस करायची असेल तर रिचर्ड तिसऱ्याचा जानेवारी १४८४ चा कायदा घ्या, पुतण्यांना अनौरस ठरवणारा. भावाचं, म्हणजे एडवर्ड चौथ्याचं, लग्न सरदारांना न विचारता झालं, जादूटोण्याने झालं, गुपचूप झालं, आणि त्याआधीच त्याचं दुसरीशी लग्न ठरलेलं होतं. शिवाय मधल्या भावाची मुलं बापावरच्या राजद्रोहाच्या शिक्षेमुळे बाद. शेवटचं लग्नाचं कारण खरं असतं तर तेवढं एकच पुरत होतं की.

तिसरं काम म्हणजे नियमाचं वय विचारा. कोणीतरी म्हणतं ना की पूर्वापार असाच कायदा आहे, तेव्हा बघायचं की तो कायदा भांडणाच्या आधी कोणाला माहीत होता का. फ्रान्समध्ये बायकांना गादी नाही हा सॅलिक कायदा म्हणून फार मिरवला जातो. प्रत्यक्षात काय झालं, १३१६ मध्ये लुई दहावा वारला, त्याच्या मागे जन्मलेला मुलगा पाच दिवस जगला, एक लहान मुलगी होती, तिला बाजूला सारून काका फिलिप पाचवा बसला, आणि मग फेब्रुवारी १३१७ मध्ये पॅरिसला सभा बोलावून ठरवून घेतलं की बाईला फ्रान्सची गादी मिळत नाही. १३२८ मध्ये त्याचाही भाऊ मुलगा न होता वारला तेव्हा प्रश्न एक पायरी पुढे गेला, बाई बसू शकत नाही ठीक आहे पण तिच्यामार्फत तिचा मुलगा बसू शकतो का, कारण असा मुलगा होता, मेलेल्या राजाच्या बहिणीचा, इंग्लंडचा एडवर्ड तिसरा. उत्तर आलं की नाही बसू शकत, आणि चुलत शाखेतला फिलिप सहावा राजा झाला. या दोन्ही वेळी सॅलिक कायद्याचं नाव कोणी घेतलं नाही, त्या कायद्याचं जुनं हस्तलिखित कामाला लावलं गेलं ते पुढच्या पिढ्यांत.

एडवर्डकडे पण डोळे मिटून सहानुभूतीने बघू नका. १३२९ ला आमियाँला जाऊन त्याने फिलिपसमोर मांडलिकीची शपथ घेतली आणि जानेवारी १३४० मध्ये गेंटला स्वतःला फ्रान्सचा राजा म्हणवून घेतलं, मधल्या अकरा वर्षांत वंशावळ बदलली नव्हती, राजकारण बदललं होतं. बरं आईकडून हक्क चालतो असं धरलं तर १३३२ मध्ये त्या बाजूला सारलेल्या मुलीलाच मुलगा झाला, नावाराचा शार्ल, आणि एडवर्डच्याच लॉजिकने तो जवळचा निघतो.

याच पायरीवर अजून एक बघायचं, एकच घराणं दोन ठिकाणी उलट नियम वापरतंय का. लँकेस्टरवाले, म्हणजे हेन्री चौथ्याचं घराणं, इंग्लंडमध्ये राजे होते ते मॉर्टिमरांचा बाईकडून आलेला हक्क डावलून, आणि फ्रान्स मागत होते तो बाईकडून आलेल्या हक्कावर! हेन्री चौथ्याने १४०६ मध्ये इंग्लंडचा मुकुट फक्त पुरुष वंशाला असा कायदा करून घेतला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो फिरवला, मुलीही चालतील म्हणून. अडचण दिसते ना कुठे होती?

चौथं, हो कोण म्हणालं. सभा भरली, लोकांनी निवडलं असं वाचलं की दोन टोकांना जाऊ नका, ते नाटक पण नव्हतं आणि लोकशाही पण नव्हती. जे आधीच ठरलंय ते सभेच्या तोंडून वदवलं जायचं, पण सभा गप्प बसली तर खेळ फसायचा. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ऑक्टोबर १४६० चं. यॉर्कचा ड्यूक रिचर्ड वेस्टमिन्स्टरला आला, सरळ रिकाम्या सिंहासनापाशी गेला आणि त्याच्यावर हात ठेवून उभा राहिला, आता जयजयकार होईल या हिशोबाने. कोणी हूं का चूं केलं नाही. शेवटी आर्चबिशपने विचारलं की आपल्याला राजाला भेटायचंय का, म्हणजे हेन्री सहाव्याला, जो त्याच राजवाड्यात होता. यॉर्क म्हणाला की राज्यात असा कोणी मला माहीत नाही ज्याच्याकडे मी जावं, त्यानेच माझ्याकडे यायला हवं. एका मठाधिपतीने हे लिहून ठेवलंय. बोलणं ऐटीत होतं पण काम झालं नव्हतं.

मग त्याने वंशावळ लिहून दिली, थोरल्या शाखेकडून, कागदावर खरंच भक्कम. सरदारांनी ती न्यायाधीशांकडे पाठवली, न्यायाधीश म्हणाले हे प्रकरण आमच्या आवाक्याबाहेरचं. सरदारांनी अडचणी काढल्या: आम्ही हेन्रीला शपथा दिल्यात, पार्लमेंटचे कायदे आहेत, आणि तू स्वतः इतकी वर्षं गप्प का होतास? यॉर्कचं उत्तर होतं की हक्क काही काळ झोपवला तरी तो कुजत नाही. २५ ऑक्टोबरला तडजोड निघाली, हेन्री जिवंत असेपर्यंत राजा, नंतर यॉर्क. म्हणजे राजाच्या सख्ख्या मुलाला बाद करून बापाला ठेवलं, सगळ्यांच्या शपथा शाबूत. ३० डिसेंबरला वेकफील्डला यॉर्क मारला गेला, ४ मार्च १४६१ ला त्याच्या मुलाला, एडवर्ड चौथ्याला लंडनमध्ये राजा म्हणून पुकारलं आणि २९ मार्चला टाउटनच्या बर्फात लढाई जिंकल्यावर ते पक्कं झालं. बापाची आणि मुलाची वंशावळ तीच होती बरं का, फरक मधल्या पाच महिन्यांचा.

सभेचं काम चोख झालेलं बघायचं असेल तर पोर्तुगालला कोइंब्रा, १३८५. तिथे जुवांव दास रेग्रास नावाच्या कायदेपंडिताने एकेक दावेदार घेतला आणि लग्नाच्या कायदेशीरपणावरून सगळ्यांना बाद केलं, शेवटी सिद्ध काय केलं तर गादी रिकामी आहे आणि म्हणून सभेने निवड करावी. निवड झाली ती आव्हिसच्या जुवांवची, जो स्वतः अनौरस होता. ते एप्रिलमध्ये, आणि १४ ऑगस्टला आल्जुबारोताला कास्तीलचं, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या शेजारच्या राज्याचं, सैन्य मोडल्यावर त्या युक्तिवादाला धार आली. त्याच भागातल्या अरागॉनच्या राज्याने १४१२ मध्ये नवा राजा ठरवायला कास्पेला नऊ माणसं बसवली, अरागॉन, कातालोनिया, वालेन्सिया प्रत्येकी तीन, सहा मतं हवीत आणि तिन्हीकडचं किमान एक हवं. मला ही पद्धत फार आवडते. निकाल मात्र लागला तो कास्तीलच्या फेर्नांदोच्या बाजूने, ज्याचा हक्क आईकडून होता पण ज्याच्याकडे पैसा आणि फौज होती.

पाचवं काम, वस्तू बघा. तेल कुठलं, मुकुट कुठला, गाव कुठलं, हात कोणाचा. आणि हे देशागणिक वेगळं आहे त्यामुळे एका देशाचा नियम दुसऱ्याला लावू नका. कास्तीलमध्ये अभिषेक न होताही राजे सुखाने राज्य करत होते. इंग्लंडमध्ये १२७२ पासूनच कारकीर्द अभिषेकाआधी सुरू झालेली धरायचे. फ्रान्समध्ये मात्र लोकांच्या मनात रँस या गावचं अभिषेकाचं पवित्र तेल पक्कं बसलेलं, म्हणून जोन ऑफ आर्कने शार्ल सातव्याला पॅरिस सोडून आधी रँसला नेलं, १७ जुलै १४२९ ला अभिषेक. १४२० च्या त्रुआच्या तहाने त्याच्या स्वतःच्या बापानेच त्याला वारसा नाकारून तो इंग्लंडच्या राजाला दिला होता, ते कागद या तेलाने निम्मे पुसले. इंग्रजांनी १६ डिसेंबर १४३१ ला दहा वर्षांच्या हेन्री सहाव्याला मुकुट घातला खरा पण पॅरिसच्या नोत्र दाममध्ये आणि इंग्रज कार्डिनलच्या हातून. गाव चुकलं, हात चुकला, तेल चुकलं, तीनपैकी तीन.

हंगेरीत तर हे गणित लिहून ठेवल्यासारखं: संत इश्तवानचा मुकुट, एस्टरगोमचा आर्चबिशप आणि सेकेशफेहेरवार हे गाव, तिन्ही जुळलं तर राजा. शार्ल रॉबर्टला याच पायी तीनदा अभिषेक करून घ्यावा लागला, शेवटचा १३१० मध्ये खऱ्या मुकुटाने. आणि १४४० मध्ये काय झालं, राजा आल्ब्रेख्ट वारला होता, राणी एलिझाबेथ गरोदर, सरदारांना पोलंडचा व्लादिस्लाव हवा होता. राणीने आपली दासी हेलेन कोटानर हिला विशेग्रादच्या किल्ल्यावर पाठवून मुकुट चोरून आणवला, उशीत लपवून, गोठलेल्या डॅन्यूबवरून घसरगाडीने, आणि ती पोचली त्याच रात्री राणीला मुलगा झाला. हेलेनने हे सगळं स्वतः लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला माहितीये. १५ मे ला बारा आठवड्यांच्या लास्लोच्या डोक्यावर तो मुकुट धरला गेला, गाव बरोबर, आर्चबिशप बरोबर.

तरी सरदार ऐकेनात. त्यांनी जाहीर केलं की मुकुटाची ताकद शेवटी राज्याच्या लोकांच्या मर्जीत असते, आणि १७ जुलैला व्लादिस्लावला अभिषेक केला, मुकुट वापरला संताच्या अवशेषांच्या पेटीवरचा, म्हणजे अगदीच सोडायची तयारी नव्हतीच, आणि आर्चबिशप? तोच! दोन महिन्यांत दोन राजे एकाच हाताने. नंतर मात्याश १४५८ मध्ये निवडून आला, सत्ता हातात होती, पण मुकुट सम्राट फ्रेडरिककडे अडकलेला, तो ८०,००० सोन्याची नाणी देऊन सोडवला आणि मगच १४६४ मध्ये अभिषेक. ज्याला कोणी म्हणेल की मुकुट नुसता दागिना होता त्याला ही रक्कम दाखवायची.

सहावं काम जरा अंगावर येणारं आहे, जुन्या राजाचं प्रेत कुठे आहे ते शोधा. रिचर्ड दुसरा फेब्रुवारी १४०० च्या सुमारास पाँटफ्रॅक्टला मेला, हेन्रीने त्याचा चेहरा उघडा ठेवून लंडनपर्यंत मिरवणूक काढली, लोकांनी बघावं म्हणून, आणि तरीही तो स्कॉटलंडमध्ये जिवंत आहे ही अफवा वर्षानुवर्षं चालली. १४१३ मध्ये हेन्री पाचव्याने तेच प्रेत सन्मानाने वेस्टमिन्स्टरला आणून पुरलं. रिचर्ड तिसऱ्याने टॉवरमधल्या पुतण्यांबाबत यातलं काहीच केलं नाही, ना जिवंत दाखवले ना मेलेले, आणि त्याची किंमत हेन्री सातव्याने भरली, कारण प्रेत नसलं की तोतया येतो. १४८७ मध्ये लँबर्ट सिम्नेल नावाच्या पोराला वॉरिकचा अर्ल, म्हणजे रिचर्डच्या मधल्या भावाचा मुलगा, म्हणून डब्लिनमध्ये मुकुटसुद्धा घातला, त्याच वर्षी हेन्रीने खरा वॉरिक टॉवरमधून काढून लंडनमध्ये लोकांसमोर फिरवला. पर्किन वॉरबेक या दुसऱ्या तोतयाच्या वेळी ते करता येत नव्हतं, कारण तो स्वतःला ज्या राजपुत्राचं, टॉवरमधल्या धाकट्या पुतण्याचं, नाव सांगत होता तो दाखवायला कोणाकडेच नव्हता, आणि ते प्रकरण १४९९ पर्यंत लांबलं.

याच्याच जोडीला जाळलेले कागद बघायचे. वर सांगितला तो पुतण्यांना अनौरस ठरवणारा कायदा हेन्री सातव्याने पार्लमेंटमध्ये वाचूही न देता रद्द केला आणि सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम काढला, साहजिकच, त्या कायद्याने त्याची होणारी बायकोही अनौरस ठरत होती.

एवढं झालं की मग वंशावळ उघडा. आता ती चटकन लागते, कारण कुठल्या फांदीवर कोणी का रंग मारलाय ते माहीत असतं. सरावाला कास्तीलचं घ्या. २३ मार्च १३६९ ला मोंतिएलला एन्रिकेने आपला सावत्र भाऊ राजा पेद्रो याला ठार केलं. एन्रिके अनौरस, म्हणून कारणांचा रकाना भरभरून: पेद्रो जुलमी, पेद्रो क्रूर, आणि पेद्रो मुळात राजाचा मुलगाच नाही अशी कंडीही पिकवलेली. पेद्रोच्या मुलीने, कोन्स्तान्साने, लग्न केलं इंग्लंडच्या जॉन ऑफ गाँटशी, म्हणजे आपल्या हेन्री चौथ्याच्या बापाशी, आणि हा माणूस सोळा-सतरा वर्षं स्वतःला कास्तीलचा राजा म्हणवत राहिला, १३८६ मध्ये फौज घेऊन उतरलासुद्धा. युद्धातून काही निघालं नाही. १३८८ मध्ये बायोनला तह झाला: गाँटची मुलगी कातालिना एन्रिकेच्या नातवाला द्यायची, गाँटने दावा सोडायचा, बदल्यात ६,००,००० सोन्याचे फ्रँक रोख आणि दरवर्षी ४०,०००. मारणाऱ्याचा नातू आणि मेलेल्याची नात. त्या दोघांसाठी तेव्हा तयार केलेला आस्तुरियासचा राजपुत्र हा किताब स्पेनच्या वारसाला आजही लावतात. हे लग्न मी कारणांच्या रकान्यात पण लिहितो आणि वर पुरलेल्या प्रेताच्या रकान्यात पण.